पीएम किसानचा हप्ता अडलाय? आधी कुठं अडलाय ते शोधा, मग रांगेत उभे राहा

टाळेबंदीचा दुसरा दिवस होता. २६ मार्च २०२० ला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट एवढीच, की ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २,००० रुपये पडणार. पैसा नवा नव्हता. वर्षाला ६,००० देणाऱ्या पीएम किसान योजनेचा एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचा हप्ता सुरुवातीलाच मोकळा केला होता. पण आठवडी बाजार बंद, माल उचलायला गाडी नाही, मजुरीला जायची सोय नाही, अशा वेळी ते दोन हजार म्हणजे घरातलं तेल-मीठ आणि पेरणीच्या बियाण्याला हातभार होता.

मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीवर सात घरं. सहा घरांत मोबाइलवर मेसेज वाजला, तात्यांच्या घरी वाजला नाही. तात्या माझे चुलते. तोंडाला उपरणं बांधून ते चार किलोमीटर चालत बँकेत गेले, पासबुक भरून घेतलं, परत आले. असं तीनदा झालं. बँकेत सांगितलं, तहसीलला विचारा. तहसीलमध्ये मोजकीच माणसं होती, त्यांनी सांगितलं, बँकेतच बघा. कारण कळायला दिवाळी उजाडली. सातबारावर नाव ज्ञानदेव, आधारवर ज्ञानोबा. बास, एवढंच. ना बँकेची चूक, ना तात्यांची. दोन दप्तरांत एकाच माणसाची दोन नावं होती आणि यंत्रानं त्यांना दोन माणसं समजून हप्ता रोखला.

तेव्हापासून वस्तीवरच्या, भावकीतल्या, पाहुण्यारावळ्यांच्या अडलेल्या हप्त्यांची कागदपत्रं माझ्याकडं येतात. करोनाचे दिवस सरले, पण हप्ता ज्या कारणांनी तेव्हा अडायचा, बहुतेक त्याच कारणांनी आजही अडतो. म्हणून हे सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवतोय. घरात ज्याच्या हातात मोबाइल आहे त्यानं वाचावं आणि थोरल्यांचं काम करून द्यावं.

मुळातली गोष्ट अशी. हा पैसा तीन दप्तरं एकमेकांशी जुळली तरच हलतो. पहिलं जमिनीचं, म्हणजे सातबारा आणि आठ-अ. दुसरं आधारचं. तिसरं बँकेचं. तिन्ही ठिकाणी तुम्ही एकच माणूस आहात हे यंत्राला पटलं पाहिजे. जमिनीचं काम बँकेत होत नाही आणि बँकेचं काम तलाठ्याकडं होत नाही. लोकांचे सगळ्यात जास्त हेलपाटे याच घोटाळ्यात वाया जातात.

सुरुवातीला एक खात्री: आपण बसतो का?

योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली, तेव्हा ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. जून २०१९ पासून जमिनीची अट गेली, त्यामुळे एकर किती हा प्रश्न आता नाही. प्रश्न आहे तो कुटुंबाचा. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. दोघांच्याही नावावर सातबारा असला तरी हप्ता एकालाच. दोघांनी घेतला असेल तर तो थांबतो आणि परतही मागितला जातो. मात्र विधवा आई आणि सज्ञान मुलगा ही योजनेच्या हिशेबानं दोन कुटुंबं आहेत. दोघांची नावं सातबाऱ्यावर असतील तर दोघंही पात्र. हे फार जणांना माहीत नसतं आणि आईचा हक्क तसाच राहून जातो.

मागच्या वर्षी प्राप्तिकर भरलेला असेल, सरकारी नोकरी असेल (शिपाई वगैरे गट ड सोडून), महिना १० हजार किंवा जास्त पेन्शन असेल, डॉक्टर-वकील-सीए म्हणून नोंदणी करून व्यवसाय चालू असेल, आमदार-खासदार-महापौर-जिल्हा परिषद अध्यक्षपद आता असेल किंवा पूर्वी असेल, तर हप्ता नाही. कुळानं किंवा बटईनं दुसऱ्याची जमीन करणाऱ्यालाही नाही, कारण सातबाऱ्यावर मालक म्हणून त्याचं नाव नाही. हे मला मनापासून खटकतं. टाळेबंदीत सगळ्यात जास्त होरपळले ते बटईवालेच. पण नियम आहे तो असा आहे.

एक तारीख लक्षात ठेवा: १ फेब्रुवारी २०१९. त्या दिवशी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. नंतर विकत घेतलेल्या, बक्षीसपत्रानं किंवा वाटणीनं आलेल्या जमिनीवर नवा लाभ मिळत नाही. अपवाद फक्त मृत्यूनंतर वारसानं आलेल्या जमिनीचा.

पहिलं काम: मोबाइलवर स्थिती बघणं

पीएम किसान डॉट गव्ह डॉट इन हे सरकारी संकेतस्थळ उघडा. खाली 'फार्मर्स कॉर्नर' दिसेल, त्यात 'नो युवर स्टेटस'. तिथं नोंदणी क्रमांक लागतो, आपल्याकडं तो 'एमएच'नं सुरू होतो. तो हाताशी नसेल तर तिथंच 'नो युवर रजिस्ट्रेशन नंबर' म्हणून वाट आहे, मोबाइल किंवा आधार क्रमांक टाकून तो काढता येतो. मिळाला की आधी पासबुकाच्या पहिल्या पानावर पेनानं लिहून ठेवा. पुढं प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच विचारतात.

स्थितीचं पान उघडलं की तीन ओळी शोधा: लँड सीडिंग, ई-केवायसी आणि आधार बँक सीडिंग. तिन्हींसमोर 'येस' पाहिजे. जिथं 'नो' आहे तिथं तुमचा हप्ता अडलाय. लँड सीडिंग म्हणजे जमिनीचं दप्तर, ई-केवायसी म्हणजे आधारचं, तिसरी ओळ बँकेची. दुसऱ्या कुठल्याही खिडकीवर जायचं कारण नाही.

त्याच पानावर हप्तावार माहिती असते, तिथली भाषा जरा अवघड आहे. 'वेटिंग फॉर अप्रूव्हल बाय स्टेट' असेल तर तुमचा अर्ज तालुका-जिल्हा-राज्य यांपैकी कुठल्यातरी टेबलावर पडून आहे, पाठपुरावा करावा लागेल. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्यानं तुमच्या नावाला होकार देऊन पैशाची मागणी पुढं पाठवली. 'एफटीओ जनरेटेड' म्हणजे पैसे सोडायचा आदेश निघाला. या शेवटच्या दोन्हींमध्ये धावपळ करू नका, थोडं थांबा. आणि 'पेमेंट डन' असून हातात पैसा नसेल, तर पैसा कुठंतरी पडलाय, तुम्ही बघताय त्या खात्यात नाही एवढंच. त्याचं पुढं सविस्तर सांगतो.

पान फोनवर उघडलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. जमलं तर छापून घ्या. कार्यालयात 'पैसे आले नाहीत' म्हणून गेलेल्या माणसाला आणि 'लँड सीडिंग नो दाखवतंय, हा कागद' म्हणून गेलेल्या माणसाला वेगवेगळी उत्तरं मिळतात, हे मी स्वतः पाहिलंय.

ई-केवायसी

हे, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, तिन्हींत सोपं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर संकेतस्थळावरच ओटीपीनं दोन मिनिटांत होतं. नसेल तर सीएससी (सामायिक सेवा केंद्र) किंवा आपले सरकार सेवा केंद्रावर अंगठा लावून होतं. अडचण येते ती म्हाताऱ्या माणसांची. उभा जन्म खुरपं-विळ्यात गेलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्रावर अंगठा उठत नाही. केंद्रवाला 'आजी, उद्या या' म्हणतो, आजी उद्याही जाते, अंगठा उद्याही उठत नाही.

यावर उपाय आहे. पीएम किसानच्या सरकारी मोबाइल ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येतं. ओटीपी नको, अंगठा नको. शिवाय एक शेतकरी आपल्या फोनवरून शेजारच्या इतर शेतकऱ्यांचंही करून देऊ शकतो, शंभर जणांपर्यंत. मी चावडीसमोरच्या पारावर बसून अशा अकरा जणांचं केलं. उजेड तोंडावर पाहिजे, पाठीमागून नको, आणि डोळे एकदा मिटून उघडायला सांगायचं. ज्या आजीचं दोन महिने अडलं होतं तिचं एका बैठकीत झालं.

नावाचा घोळ

आता तात्यांच्या दुखण्याकडं येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी गावोगाव घाईघाईत याद्या भरल्या. नावं सातबाऱ्यावरून घेतली आणि इंग्रजीत टंकली. पहिल्या हप्त्याला आधारची सक्ती नव्हती, त्यामुळे पैसे पडले, सगळे खूश. १ डिसेंबर २०१९ पासून आधारच्या नोंदीशी जुळलेल्या माहितीवरच पैसे सोडायचं ठरलं आणि तिथं घोळ वर आले. तीन-चार महिन्यांत टाळेबंदी लागली. म्हणजे नाव दुरुस्त करायची गरज आणि कार्यालयं बंद व्हायची वेळ एकदमच आली. एप्रिल २०२० मध्ये इतक्या जणांचा हप्ता चुकला त्याचं आमच्याकडचं मुख्य कारण हेच होतं.

आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग हा वेगळाच विषय आहे. ज्ञानेश्वर कुणी 'डी-एन-वाय'नं लिहितो, कुणी 'जी-वाय'नं. लक्ष्मण 'एक्स'नं आणि 'के-एस-एच'नं. बायकांचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर माहेरचं मधलं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसतं 'बाई' लावलेलं.

करायचं असं. एका कागदावर चार रकाने आखा: सातबारा, आधार, पासबुक, पीएम किसानची नोंद. चारही ठिकाणचं नाव अक्षर न अक्षर उतरवून काढा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनावासकट. फरक कुठं आहे तो लगेच दिसतो. मग ठरवा, बदलायचं कुठं. माझा सल्ला असा: पीएम किसानच्या नोंदीतलं स्पेलिंग चुकलं असेल तर ते आधारप्रमाणं करून घ्या, ते सगळ्यात स्वस्त आणि सोपं. सीएससीवर किंवा फार्मर्स कॉर्नरमधून होतं. आधारवरचं नावच चुकीचं असेल तर आधार केंद्र. सातबाऱ्यावरचं नाव मात्र मनात आलं म्हणून बदलता येत नाही, त्याला तलाठ्याकडं अर्ज आणि तहसीलदारांचा आदेश लागतो, वेळ जातो. तात्यांचं आम्ही आधारवर 'ज्ञानदेव' करून घेतलं, कारण शाळेच्या दाखल्यावरही तेच होतं. पुरावा ज्या नावाचा भक्कम, ते नाव धरायचं.

जमिनीचं दप्तर: लँड सीडिंग 'नो'

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि तो कार्यालयात चालतो. आठ-अही तिथंच. आठ-अ घ्यायला विसरू नका. सातबारा एका गटाचा असतो, आठ-अवर तुमच्या खात्यावरचे गावातले सगळे गट एकत्र दिसतात. हे दोन, आधारची झेरॉक्स आणि स्थितीच्या पानाची छापील प्रत घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा. जमिनीच्या नोंदीतच काही खोट असेल तर ते तहसीलकडं पाठवतात.

आता या जोडीला फार्मर आयडीही काढून घ्या. अॅग्रीस्टॅक नावाखाली शेतकऱ्याचं आधार आणि त्याचे सगळे गट एका क्रमांकाला जोडतात. राज्यानं कृषी योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा केला. तो काढताना सगळे गट नंबर टाकलेत का, हे केंद्रावर स्वतः बघा. घाईत एकच गट टाकतात आणि पुढं नुकसानभरपाईच्या वेळी बाकीचे आठवतात.

खरी गुंतागुंत आहे ती वारसाची. घरचा कर्ता गेला. करोनाच्या दोन लाटांत आमच्या पंचक्रोशीत अशी कितीतरी घरं झाली. माणूस जातो, दुःखात सहा महिने जातात, सातबारा त्याच्याच नावावर राहतो. हप्ता कधी बंद होतो, कधी चालूच राहतो. चालू राहिलेला जास्त धोक्याचा, कारण मृत्यूनंतर पडलेले हप्ते नंतर परत मागतात. म्हणून हे जड असलं तरी करा: मृत्यूचा दाखला मिळाला की तलाठ्याकडं, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज द्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणं हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो. सोबत सगळ्या वारसांची नावं, वयं, नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. सगळ्या म्हणजे सगळ्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा. बहिणीचं नाव गाळलेली वारस नोंद पुढं कुठंतरी उलटतेच, आणि तो तिचा हक्कही आहे.

फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला की नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग नवा सातबारा निघतो. तो आला की मयताच्या नावाचा लाभ बंद करायचा अर्ज आणि वारसाची नवी नोंदणी, दोन्ही एकत्र द्या. नवीन नोंदणीत जमीन वारसानं आल्याचं नमूद करा आणि फेरफाराची प्रत, मृत्यूचा दाखला जोडा. हे जोडलं नाही तर १ फेब्रुवारी २०१९ नंतरची जमीन म्हणून अर्ज सरळ नाकारला जातो.

बँक: 'लिंक आहे' म्हणजे 'सीडिंग आहे' नव्हे

हा भाग दोनदा वाचा.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली, खात्याला आधार लागलं, झालं असं आपण समजतो. पण सरकारचा पैसा आता खाते क्रमांक बघून येत नाही, आधार क्रमांक बघून येतो. कुठल्या आधारचा पैसा कुठल्या बँकेत टाकायचा याची एक यादी एनपीसीआय ही संस्था ठेवते. त्या यादीत बँक लागणं म्हणजे सीडिंग. त्या यादीत एका आधारसमोर एकच बँक असते, तुम्ही शेवटी जिला संमती दिली ती. तुमची पाच खाती असोत, पैसा तिथंच जाणार.

आमच्या आत्याचं उदाहरण देतो. तिचं खातं तालुक्याच्या बँकेत, वीस वर्षांपासूनचं. स्थितीच्या पानावर सगळं 'येस', हप्ते 'पेमेंट डन', आणि पासबुक कोरं. आत्या म्हणायची, माझे पैसे कुणीतरी खाल्ले. मी तिच्या आधारवरून माय-आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं. तिथं वेगळ्याच बँकेचं नाव! विचारता विचारता तिला आठवलं, शाळेच्या व्हरांड्यात एकदा शिबिर लागलं होतं, मोबाइलवर अंगठा घेतला होता, एक कार्ड दिलं होतं. कार्ड पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली सापडलं. त्या खात्यात पाच हप्ते होते, १०,००० रुपये. कुणी खाल्ले नव्हते. पण शिबिरात तिला 'आजपासून तुमचे सगळे सरकारी पैसे इथं येतील' हे एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यासाठी ती दीड वर्ष तिन्ही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत होती.

तेव्हा आधी माय-आधारवर बँक सीडिंग बघा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल जोडलेला नसेल तर आधार केंद्रावर जोडून घ्या, त्याला कुठला पुरावा लागत नाही, अंगठा पुरतो. बऱ्याच गावांत पोस्टमनही हे काम करतो. स्टेटसमध्ये बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' दिसलं, तर पैसा त्या बँकेत शोधा. 'इनॲक्टिव्ह' दिसलं किंवा दुसऱ्या बँकेत हवं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन नेमके हे शब्द सांगा: 'डीबीटीसाठी एनपीसीआयला आधार सीडिंग करायचं आहे.' (डीबीटी म्हणजे सरकारचा पैसा थेट खात्यात जमा होणं.) संमतीचा एक फॉर्म असतो, तो भरून पोच घ्या. नुसतं 'आधार लिंक करा' म्हणालात तर केवायसीला आधार लावून तुम्हाला परत पाठवतील. काही दिवसांनी माय-आधारवर पुन्हा बघा, बँक बदललेली दिसली तरच काम झालं.

खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर ते निष्क्रिय होतं, त्यावर केवायसी पुन्हा द्यावी लागते. टाळेबंदीत जनधनच्या बायकांना महिना ५०० रुपये तीन महिने मिळाले, तेव्हा गर्दी टाळायला खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते. आमच्याकडच्या कित्येकींना खातं बंद पडलंय हे त्या रांगेत उन्हात उभं राहिल्यावर कळलं. वर्षातून दोनदा तरी शंभर रुपये भरा-काढा, खातं जिवंत ठेवा.

अर्ज दिला, पुढं काय

तोंडी सांगून येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: नाव, गाव, नोंदणी क्रमांक, कुठला हप्ता, स्थितीच्या पानावर काय दिसतंय, काय करून पाहिजे. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्या. ही पोच फार मोलाची.

महिना गेला, काही हललं नाही, तर १५५२६१ या मदत क्रमांकावर बोला आणि संकेतस्थळावरच्या हेल्पडेस्कला तक्रार नोंदवा. त्यानंही नाही झालं तर केंद्राच्या सीपीग्राम्स तक्रार पोर्टलवर. तिथं स्क्रीनशॉट आणि पोच दोन्ही जोडा.

शेवटचं आणि माझ्या अनुभवात सगळ्यात लागू पडणारं साधन म्हणजे माहितीचा अधिकार. जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. 'माझे पैसे का आले नाहीत' असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत आणि उत्तर टाळता येतं. असं विचारा: 'माझ्या अमुक नोंदणी क्रमांकाचा अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याच्या लॉगिनला कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे, अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत द्यावी.' तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्याकडच्या चार प्रकरणांत उत्तर येण्याआधीच काम झालं होतं.

दुरुस्ती झाली की मधले बुडालेले हप्ते मिळतात का, हे सगळेच विचारतात. नोंदणी जुनी असेल, पात्रता खरी असेल आणि हप्ता फक्त पडताळणीसाठी थांबलेला असेल, तर थकीत हप्ते पुढच्या हप्त्याबरोबर किंवा मागोमाग येतात. तात्यांना तसेच आले. मात्र नवी नोंदणी असेल तर नोंदणीच्या आधीच्या काळाचं काही मिळत नाही. म्हणून उशीर करू नये.

राज्याची नमो शेतकरी महासन्मान योजना, वर्षाला आणखी ६,०००, पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला पडला. तिला वेगळा अर्ज नाही. पीएम किसानच्या पात्र यादीवरूनच ती चालते, म्हणजे इथली गाठ सुटली की तिथलीही सुटते. अतिवृष्टीची भरपाई मात्र पूर्ण वेगळी. करोनाच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये पिकं वाहून गेली तेव्हा राज्यानं १० हजार कोटींचं पॅकेज दिलं होतं, हेक्टरी १०,००० आणि फळबागांना २५,०००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. तो पैसा पंचनाम्यावरून तहसीलमार्फत येतो. हल्ली त्या यादीत तुमच्या नावासमोर एक विशिष्ट क्रमांक असतो, फार्मर आयडी नसेल तर तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा दिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पीएम किसानची ई-केवायसी झालीय म्हणून ती झाली असं धरून बसू नका.

आणि एक. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान'च्या नावानं एपीके फाइल (प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं ॲप) फिरते. 'हप्ता अडलाय, हे ॲप टाका' असा मजकूर असतो. टाकलं की फोनमधले ओटीपी तिकडं जातात आणि खातं रिकामं होतं. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. दाबलं गेलंच तर त्याच क्षणी फोन विमानाच्या मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून १९३० ला आणि बँकेला कळवा. 'शंभर टक्के हप्ता काढून देतो, पाचशे द्या' म्हणणाऱ्या एजंटालाही पैसे देऊ नका. त्याच्याकडं वेगळी कुठलीही किल्ली नसते, तो याच पायऱ्या चढतो.

तात्यांचं पासबुक आता माझ्याकडंच असतं. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, आधारला जोडलेला मोबाइल नंबर आणि एनपीसीआयला असलेल्या बँकेचं नाव, तिन्ही निळ्या पेनानं लिहिलंय. प्लास्टिकच्या कव्हरात मागं पोच आहे आणि चार रकान्यांचा तो कागद. दर चार महिन्यांनी, हप्ता पडायच्या आधी आठ दिवस, मी स्थितीचं पान उघडून तीन 'येस' बघतो. तुम्हीही आज घरातल्या थोरल्यांची पासबुकं गोळा करा आणि पहिल्या पानावर एवढ्या तीन ओळी लिहा.